मॅथिल्ड: काळा लघुग्रह ओळखायचा कसा, तोलायचा कसा

मूळ प्रश्न थोडक्यात असा: 253 मॅथिल्ड हा लघुग्रह कोळशापेक्षा काळा आहे म्हणतात. अंतराळ काळं, लघुग्रहही काळा, मग 1885 साली तो दुर्बिणीतून दिसला कसा? त्याचा काळेपणा मोजला कसा? आणि त्याच्या त्रिज्येहून मोठी विवरं अंगावर असताना तो फुटून कसा गेला नाही?

माझं काम लघुग्रहांच्या प्रकाशमापनाचं, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांशी रोजचा संबंध येतो. पण खरी मेख तिसऱ्या प्रश्नात आहे. माझ्या मते मॅथिल्डबद्दल सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट त्याचा रंग नाहीच, त्याचं वजन आहे.

आधी 'काळा' या शब्दाने होणारा घोटाळा दूर करू. मॅथिल्डचा परावर्तनांक सुमारे 0.04 आहे. ढोबळमानाने अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी चार-साडेचार टक्केच तो परत पाठवतो. हे फारच कमी वाटतं, पण रात्री लख्ख दिसणाऱ्या चंद्राचा परावर्तनांकही 0.12 च्या आसपासच आहे. उन्हात ठेवलेली काळी वस्तू पूर्ण काळ्या पार्श्वभूमीवर उजळच दिसते. शिवाय मॅथिल्डचा सरासरी व्यास जवळजवळ 53 किलोमीटर आहे. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावरून चार टक्के प्रकाश परतला तरी दुर्बिणीला पुरतो. अनुकूल प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना, तो 12 व्या प्रतीच्या जवळ येतो, एरवी 13 किंवा 14. (प्रत हे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद.) नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या 6 व्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा 12 व्या प्रतीचा ठिपका सुमारे 250 पट मंद असतो. एकोणिसाव्या शतकातल्या चांगल्या दुर्बिणीला ते अवघड नव्हतं.

अवघड होतं ते ओळखणं. दुर्बिणीत लघुग्रहाला बिंब नसतं, तो शेजारच्या ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. फरक एवढाच की तो सरकतो. प्रतियुतीजवळ मुख्य पट्ट्यातला (मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधला) लघुग्रह दिवसाला साधारण पाव अंश सरकतो, म्हणजे तासाला अर्ध्या कलेच्या आसपास (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). क्रांतिवृत्तालगतच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेजवळच्या आकाशाचे नकाशे जवळ ठेवायचे, दुर्बिणीतलं क्षेत्र त्यांच्याशी ताडून पाहायचं, नकाशात नसलेला तारा दिसला की त्याची जागा टिपायची आणि तासा-दोन तासांनी किंवा दुसऱ्या रात्री पुन्हा पाहायचं. छायाचित्राच्या काचेवर लघुग्रहाची रेघ उमटवून शोध घेण्याची सोय नंतर आली. माक्स वोल्फ यांनी 1891 च्या डिसेंबरात त्या पद्धतीने 323 ब्रूसिया शोधला. त्याआधीचे सगळे शोध डोळ्यांचे.

या डोळ्यांच्या कामात योहान पालिसा यांचा हात धरणारं कुणी झालं नाही. 1874 मध्ये पोला इथल्या नौदलाच्या वेधशाळेतून त्यांनी 136 ऑस्ट्रिया हा पहिला लघुग्रह शोधला, नंतर ते व्हिएन्नाच्या वेधशाळेत आले, आणि त्यांच्या नावावर एकूण 122 लघुग्रह जमा झाले. 12 नोव्हेंबर 1885 रोजी व्हिएन्नातून सापडलेला मॅथिल्ड त्यांतलाच एक. कक्षा काढण्याचं काम पॅरिस वेधशाळेतल्या लेबफ यांनी केलं आणि नावही त्यांनीच सुचवलं. त्या वेधशाळेचे तेव्हाचे उपसंचालक मॉरिस लेव्ही यांच्या पत्नीचं ते नाव आहे असं मानतात. त्याच वर्षी पालिसांनी एक मजेशीर उद्योग केला होता. 1886 च्या सूर्यग्रहणाच्या मोहिमेसाठी पैसे हवे होते, म्हणून एका लघुग्रहाच्या नामकरणाचा हक्क त्यांनी 50 पौंडांना विक्रीला काढला. रोथशिल्ड घराण्याने तो घेतला, आणि त्यातून 250 क्रमांकाचा लघुग्रह 'बेटिना' झाला. मॅथिल्डचं नाव मात्र फुकटातलं.

काळेपणाचा शोधांवर परिणाम होतो का? होतो, पण लोक समजतात तसा नाही. काळा लघुग्रह दिसतच नाही असं होत नाही, तो आहे त्यापेक्षा लहान वाटतो. हायजिया हा मुख्य पट्ट्यातला चौथ्या क्रमांकाचा मोठा पिंड, व्यास 430 किलोमीटरच्या आसपास, पण त्याचा शोध 1849 मध्ये लागला आणि क्रमांक मिळाला दहावा. त्याच्या पावपट व्यासाचा, पण पृष्ठभाग बराच उजळ असलेला अस्ट्रिया (वरचा ऑस्ट्रिया नव्हे) 1845 मध्येच सापडला होता. दृश्य प्रकाशातल्या कोणत्याही सर्वेक्षणात हा पक्षपात आजही असतो. विशिष्ट प्रतीपर्यंतचे लघुग्रह मोजले की उजळ पिंड जास्त भरतात आणि काळे कमी. पट्ट्याच्या बाहेरच्या भागात तर काळेच बहुसंख्य आहेत, त्यामुळे ही मोजणी जपून वाचावी लागते.

आता मोजमाप. दुर्बिणीतून आपल्याला मिळते ती फक्त तेजस्विता. ती दोन गोष्टींच्या गुणाकारातून येते: पृष्ठभाग किती मोठा आणि किती उजळ. नुसत्या तेजस्वितेवरून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. समजा एखाद्या लघुग्रहाची निरपेक्ष प्रत, म्हणजे ठरावीक अंतरावर धरलेली प्रत, 10 आहे. परावर्तनांक 0.25 धरला तर व्यास येतो सुमारे 27 किलोमीटर. 0.04 धरला तर तोच व्यास 66 किलोमीटर होतो. ठिपका एकच, पण घनफळात पंधरापटीचा फरक. म्हणून केवळ दृश्य प्रतीवरून काढलेला व्यास कुणी दोन दशांश स्थळांपर्यंत सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

हा तिढा सुटतो अवरक्त किरणांत. जो पिंड प्रकाश कमी परतवतो तो जास्त शोषतो, तापतो आणि ती उष्णता अवरक्तात बाहेर टाकतो. दृश्य प्रकाशात मंद पण अवरक्तात ठळक असला, की तो मोठा आणि काळा. दोन्ही मोजमापांचा मेळ घातला की व्यास आणि परावर्तनांक वेगवेगळे हाती येतात. 1983 मध्ये आयरास या अवरक्त उपग्रहाने असंख्य लघुग्रहांची अशी मोजणी केली. तिच्यावरून मॅथिल्डचा व्यास 60 किलोमीटरच्या जवळपास आणि परावर्तनांक 0.04 च्या वर जेमतेम निघाला. पुढे 1997 मध्ये एक यान जवळून गेल्यावर व्यास थोडा कमी भरला. पण न पाहिलेल्या पिंडाबद्दल उष्णतेवरून बांधलेला अंदाज दहा-बारा टक्क्यांत बरोबर येणं ही साधी गोष्ट नाही. दुसरी एक स्वतंत्र तपासणीही आहे. परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवीभवन (लहरींचं कंपन एकाच दिशेत होणं) काळ्या पृष्ठभागावर जास्त होतं, कारण कणाकणांत अनेकदा उसळून गोंधळलेला प्रकाश तिथे शोषला जातो आणि एकदाच परावर्तित झालेला तेवढा उरतो. शिवाय प्रतियुतीपासून दूर जाताना काळे लघुग्रह उजळ लघुग्रहांपेक्षा वेगाने मंदावतात. ही लक्षणं एका दिशेने बोट दाखवू लागली की मग 'काळा' म्हणायला हरकत नाही.

काळा कशामुळे? वर्णपटावरून मॅथिल्ड कार्बनी गटातला आहे. दृश्य प्रकाशातला त्याचा वर्णपट जवळजवळ सपाट, ठळक शोषणपट्टे नसलेला. या गटाशी जुळणाऱ्या कार्बनी कोंड्राइट अशनींमध्ये, म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर पडलेल्या एका प्रकारच्या दगडांमध्ये, कार्बन काही टक्केच असतो, पण तो अतिसूक्ष्म कणांत सगळीकडे पसरलेला असतो. जोडीला मॅग्नेटाइट आणि लोहाची सल्फाइडं. बारीक, अपारदर्शक धूळ थोडी असली तरी बाकीच्या खनिजांची चमक झाकून टाकते. म्हणजे मॅथिल्ड हा कोळशाचा गोळा नाही, मुख्यतः सिलिकेटी दगडच आहे. त्यावरच्या विवरांना मात्र जगभरच्या कोळसाखाणींच्या प्रदेशांची नावं दिली आहेत: दक्षिण आफ्रिकेचं कारू, जपानचं इशिकारी, भारतातलं दामोदर, सायबेरियातलं कुझनेत्स्क.

यान जायच्या आधी जमिनीवरून एक चकित करणारी गोष्ट कळली होती. 1995 मध्ये स्टेफानो मोत्तोला आणि सहकाऱ्यांनी महिनोन् महिने प्रकाशवक्र (वेळेनुसार तेज कसं बदलतं त्याचा आलेख) नोंदवला, तेव्हा मॅथिल्डचं परिवलन 417.7 तासांचं निघालं. स्वतःभोवती एक फेरी मारायला 17 दिवसांहून जास्त! त्या आकाराचे बहुतेक लघुग्रह काही तासांत, फार तर एखाद-दोन दिवसांत एक फेरी पुरी करतात. इतक्या मंद पिंडाचा प्रकाशवक्र घेणं किती त्रासाचं असतं ते हे काम करणाऱ्यालाच कळतं. एका रात्रीत आलेख जवळपास सपाट येतो. बदल अर्ध्या प्रतीच्या आसपासचा असला तरी तो आठवडाभर पसरलेला असतो. त्यामुळे प्रत्येक रात्रीचं मापन एकाच प्रमाणावर आणावं लागतं, रोज बदलणाऱ्या शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत नुसता फरक मोजून भागत नाही. एका रात्रीच्या प्रमाणीकरणात पाच शतांश प्रतीची चूक झाली तरी वक्राला खोटा उंचवटा येतो. अनेक लघुग्रहांचे 'सपाट' म्हणून सोडून दिलेले प्रकाशवक्र खरं तर असेच मंद असणार, असा माझा अंदाज आहे.

इतकं मंद का, याचं पटेल असं उत्तर मिळालेलं नाही. कधीकाळी एखाद्या उपग्रहाने भरती-ओहोटीच्या ओढीने वेग खाल्ला असेल अशी एक शक्यता होती. यानाने शोध घेतला तेव्हा उपग्रह सापडला नाही.

ते यान म्हणजे निअर. 17 फेब्रुवारी 1996 रोजी निघालेलं हे यान खरं तर इरॉस या लघुग्रहाकडे चाललं होतं आणि मॅथिल्ड वाटेत पडला. 27 जून 1997 रोजी ते सेकंदाला 10 किलोमीटरच्या आसपास वेगाने, 1212 किलोमीटर अंतरावरून त्याच्याजवळून गेलं. गॅस्प्रा आणि इडा यांच्यानंतर जवळून पाहिलेला हा तिसरा लघुग्रह, आणि कार्बनी गटातला पहिलाच. सूर्यापासून अंतर पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सौरपट्ट्यांवर पडणारं ऊन पावपट. त्यात कॅमेरा यानाला घट्ट बसवलेला, म्हणून नेम धरायला अख्खं यान वळवावं लागे आणि पट्टे सूर्यापासून तिरके होत. विजेची एवढी ओढाताण की फक्त कॅमेराच चालू ठेवला. यान आलंही रात्रीच्या बाजूने, त्यामुळे सुरुवातीला दिसली ती बारीक कोर. अर्ध्या तासाच्या आत पाचशेहून अधिक छायाचित्रं घेतली गेली, आणि तेवढ्या वेळात मॅथिल्ड स्वतःभोवती अर्धा अंशही फिरला नाही. पृष्ठभागाचा साधारण 60 टक्के भाग दिसला, बाकी अंधारातच राहिला.

वजन करायची पद्धत सुबक आहे. यान जवळून जाताना लघुग्रहाच्या गुरुत्वाने त्याची वाट किंचित वाकते, आणि हा बदल यानाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या डॉप्लर बदलातून, म्हणजे वेगामुळे बदलणाऱ्या वारंवारतेतून, पकडतात. मॅथिल्डने यानाचा वेग किती बदलला? गणित केलं तर सेकंदाला सुमारे 1 मिलिमीटर. दहा किलोमीटरच्या वेगात एक मिलिमीटर! तरीही तो बदल स्पष्ट मिळाला आणि वस्तुमान आलं सुमारे 1.03 गुणिले 10 चा 17 वा घात किलोग्रॅम, चार-पाच टक्क्यांच्या अनिश्चिततेसह. आकार 66 गुणिले 48 गुणिले 46 किलोमीटर, घनफळ 78 हजार घन किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला की घनता येते दर घन सेंटीमीटरला 1.3 ग्रॅम, अधिक-उणे 0.2. यातली बहुतेक अनिश्चितता वस्तुमानाची नाही, न दिसलेल्या बाजूच्या आकाराची आहे.

1.3 हा आकडा नीट पाहा. मॅथिल्डशी जुळणाऱ्या अशनींची घनता दोनच्या वर असते, आणि त्यांतली सूक्ष्म छिद्रंही वजा केली तर खनिजकणांची घनता अडीचच्या पुढे जाते. म्हणजे मॅथिल्डचं जवळजवळ निम्मं घनफळ रिकामं आहे. आत मोठ्या गुहा आहेत असा याचा अर्थ नाही. दगडांमधल्या फटी आणि दगडांतली सूक्ष्म छिद्रं मिळून ही रिकामी जागा होते. एवढा मोठा पिंड स्वतःच्या भाराने दाबला कसा जात नाही, असं वाटेल. पण त्याच्या केंद्रातला दाब काढून पाहिला तर तो पृथ्वीच्या वातावरणाच्या दीड-पावणेदोन पटच भरतो, जमिनीखाली आठ-नऊ मीटरवर मातीच्या भाराने येतो तेवढा. एवढ्या दाबाने फटी बुजत नाहीत.

आता विवरं. कारू 33 किलोमीटरचं, आणि इशिकारी, दामोदर, कुझनेत्स्क ही 28-29 किलोमीटरच्या आसपासची. लघुग्रहाची सरासरी त्रिज्या 26 किलोमीटर. अखंड खडकावर असा आघात झाला असता तर धक्क्याची लाट आरपार जाऊन पिंडाचे तुकडे झाले असते, निदान आधीची विवरं हादऱ्याने बुजली असती. इथे चार महाविवरं शेजारी शेजारी आहेत, त्यांच्या कडा शाबूत, आणि एकाच्या आघाताचा मलबा दुसऱ्यावर पसरलेला दिसत नाही. सच्छिद्र पिंडात आघाताची ऊर्जा फटी दाबून टाकण्यातच संपते, वाळूच्या पोत्यात गोळी रुतावी तशी. लाट दूरवर पोचत नाही. 1999 मध्ये हाउसेन, होल्सॅपल आणि व्हॉस यांनी सच्छिद्र पदार्थांवर प्रयोगशाळेत आघात करून दाखवलं की अशा विवरांत पदार्थ बाहेर उडण्याऐवजी मुख्यतः आतच चेपला जातो. मग आजूबाजूला मलबा नसण्याचं कारणही आपोआप मिळतं.

दुसरं मत असं की मलबा उडाला, पण पळून गेला. मॅथिल्डवरून सुटायला सेकंदाला 23 मीटरच्या आसपास वेग पुरतो आणि तिरक्या आघातात तो सहज मिळेल. हे अशक्य नाही. पण चारही वेळा सगळा मलबा सुटून जावा आणि शेजारच्या विवराला धक्काही लागू नये, हे मला ओढूनताणून वाटतं. चेपले जाण्याच्या कल्पनेत दोन्ही गोष्टी एकाच कारणाने सुटतात. तरी मॅथिल्ड म्हणजे निव्वळ सैल ढिगारा, असंही म्हणवत नाही. काही विवरांच्या कडा गोल नाहीत, सरळ बाजूंच्या, बहुकोनी दिसतात. म्हणजे आत भेगांची काहीतरी जुनी ठेवण आहे.

छायाचित्रांतली आणखी एक गोष्ट मला आघातांइतकीच महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. विवरं काही किलोमीटर खोल आहेत, पण त्यांच्या उतारांचा रंग आणि उजळपणा बाहेरच्या पृष्ठभागासारखाच आहे. चंद्रावर किंवा इरॉसवर ताजा उघडा पडलेला भाग वेगळा उठून दिसतो. इथे उजेड-सावलीचा जो फरक दिसतो तो ऊन कोणत्या कोनातून पडतं त्याचा. याचा अर्थ हा काळेपणा वरून बसलेली काजळी नाही, मॅथिल्ड निदान तेवढ्या खोलीपर्यंत एकाच काळ्या पदार्थाचा आहे. वितळून थर वेगळे झाल्याची खूण नाही.

नंतर पाहिलेल्या लहान काळ्या लघुग्रहांनी या चित्राला काही अंशी दुजोरा दिला. र्‍युगू आणि बेनू यांचे परावर्तनांकही 0.045 च्या आसपास आणि घनता 1.2 च्या जवळ. पण सरसकट नियम करू नका. हायाबुसा-2 या जपानी यानाने एप्रिल 2019 मध्ये तांब्याचा दोन किलोचा गोळा र्‍युगूवर मारला तेव्हा सुमारे 14 मीटरचं विवर झालं आणि मलबा चांगलाच उडाला, कारण तिथला पृष्ठभाग जवळपास जोर नसलेला आणि गुरुत्व नगण्य. किलोमीटरभराच्या आतला पिंड आणि पन्नास किलोमीटरचा पिंड आघाताला एकच प्रतिसाद देतील असं नाही.

पृथ्वीचं रक्षण करण्याच्या गणितात हा फरक फार महाग पडू शकतो. 26 सप्टेंबर 2022 रोजी डार्ट यान डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं तेव्हा मागे उडालेल्या मलब्याने धक्का कित्येक पटींनी वाढवला. डिमॉर्फोस हा उजळ, सिलिकेटी गटातला. मॅथिल्डसारख्या चेपल्या जाणाऱ्या पदार्थावर मलबाच उडाला नाही, तर धक्का यानाच्या स्वतःच्या संवेगाएवढाच मिळेल. म्हणून धोक्याच्या पिंडाचा परावर्तनांक कळला एवढ्यावर थांबून चालत नाही, त्याची घनता हवी.

मॅथिल्डकडे पुन्हा कुणी गेलेलं नाही. न दिसलेल्या चाळीस टक्क्यांचा आकार सुधारायचा तर जमिनीवरून एक मार्ग आहे: पिधान. मॅथिल्ड एखाद्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा त्याची सावली पृथ्वीवरून पन्नास-साठ किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात सरकते. त्या पट्ट्यात ठिकठिकाणी बसलेल्या निरीक्षकांनी तारा लपल्याची आणि उगवल्याची वेळ शतांश सेकंदापर्यंत नोंदवली की त्या वेळच्या बाह्याकृतीचे छेद मिळतात. यासाठी दुर्बीण फार मोठी लागत नाही, कारण मोजायचा असतो तो तारा, लघुग्रह नव्हे. तारा पुरेसा ठळक आणि घड्याळ उपग्रहावरच्या वेळेशी जुळवलेलं असलं की हौशी निरीक्षकाची नोंदही तितकीच कामाची.